चुन्याचे पंजे उठवलेली भिंत

जांभळीची वस्ती, ता. शिराळा
६ जानेवारी २०२५

प्रिय नूरीन,

कराडचं वसतिगृह सुटून बारा वर्षं झाली तरी शिवाची पत्र लिहायची खोड जात नाही, असं म्हणून तू हसशील. हस, पण पुढचं नीट वाच.

फोन बंद करून पिठाच्या डब्यात टाकलाय. रविवारी आकाराम, म्हणजे आमचे हे, लडाखहून फोन करतात तेवढा अर्धा तास चालू करते. बाकी वेळ ओळखीच्या-अनोळखी माणसांच्या शिव्या येतात. कारण तुझा फोटो.

झालं ते सांगते. एकोणतीस डिसेंबरला शेजारच्या रंगुबाईच्या उसाला तोड लागली होती. दिवेलागणीला तिची नात राजनंदिनी पायरीवर बसून शेंगा खात होती, तिला बिबट्यानं मानेला धरलं. तोडकऱ्यांनी आरडाओरडा केला, कोयते आपटले, तेव्हा सोडलं. पोरगी वाचली. सतरा टाके पडलेत आणि ती बोलायची बंद झालीय. पाच वर्षांची आहे ती, माझ्या अंगणवाडीत पहिल्या रांगेत बसणारी.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर तुझा तो फोटो आला. आमच्या गोठ्याची निळी भिंत, तिच्यावर आत्याबाईंनी, आमच्या सासूबाईंनी, बेंदराच्या सणाला चुन्यात हात बुडवून उठवलेले पंजे, वर पिवळा दिवा आणि भिंतीवर पुढचे पाय टाकून बसलेला बिबट्या. खाली कुणीतरी लिहिलंय, 'ही बाई बिबट्या पाळते आणि त्याचे फोटो परदेशात विकते.' भिंत सगळ्यांच्या ओळखीची. फोटो दोन वर्षांपूर्वीचा आहे आणि तू काढलास, हे मी सांगून दमले. कुणी ऐकत नाही.

वनपाल मात्र भला माणूस दिसतो. म्हणाला, "बाई, मूळ फोटो कॅमेऱ्यातून निघालाय तसा आणा. त्यात तारीख असती. पुढं-मागं काढलेलंबी सगळं आणा, म्हंजे काय बांधलं-बिंधलं न्हवतं हे दिसंल. मी सभेत उभा ऱ्हाऊन सांगतो."

तेवढं कॅमेऱ्याचं कार्ड पाठव, नूरीन. लगेच पाठव.

आत्याबाई शेजारी बसून ऐकतायत. तुला ठाऊकच आहे, त्यांना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून या घरातलं प्रत्येक पत्र जाताना आणि येताना त्यांच्यासाठी मोठ्यानं वाचावं लागतं. त्या म्हणतायत, "तिला म्हणावं, तुज्या पसंतीचं हरभऱ्याचं गाठुडं बांधून ठेवलंय."

तुझी
शिवा

*

तासगाव
१३ जानेवारी २०२५

प्रिय शिवा,

सलाम. आत्याबाईंनाही सलाम, त्यांचा हरभरा मी उभ्यानं खाईन.

पत्र वाचल्यापासून भाकरी गोड लागेना. राजनंदिनी म्हणजे तीच ना, माझ्या कॅमेऱ्याच्या काचेत स्वतःला बघून जीभ काढायची ती? तेव्हा तीन वर्षांची असेल.

शिवा, लोकांना फोटो म्हणजे काय तेच कळत नाही. मी काम करते त्या सिकंदरच्या फोटो स्टुडिओत लग्नाच्या मोसमाबाहेर माश्या मारायची वेळ येते, म्हणून मी फोटो त्या फोटो विकायच्या साइटवर चढवते. एकदा चढवला की जगातल्या कुणीही विकत घ्यावा आणि कुठंही छापावा. बेदाण्याची शेड, द्राक्षाचा घड, टोपीवाला म्हातारा, असलं काहीही खपतं. आमच्या मामूंचा उन्हानं डोळे बारीक केलेला फोटो एका दवाखान्यानं 'मोतीबिंदू झालाय का?' म्हणून लावला. मामूंची नजर अजून घारीसारखी आहे, ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. तुमच्या भिंतीचंही तसंच झालं. मी कुणाला म्हणाले नव्हते की शिवांजली बिबट्या पाळते.

कार्डाचं म्हणशील तर एक घोटाळा आहे. तेव्हाचे सगळे फोटो मी ज्या डिस्कवर ठेवले होते ती गेल्या पावसाळ्यात बिघडली. सांगलीला एकाकडे दुरुस्तीला दिलीय. तो आज देतो, उद्या देतो म्हणतो. मी त्याच्या मागं लागते.

तोवर धीर धर. लोक चार दिवस बोलतात, मग दुसरा विषय मिळतो.

तुझी
नूरीन

*

जांभळीची वस्ती
२२ जानेवारी २०२५

प्रिय नूरीन,

लोकांना दुसरा विषय मिळाला नाही.

अंगणवाडीत एकवीस पोरं होती. सोमवारी चार आली, आज एकही नाही. मी खिचडी शिजवली, पाट मांडले, बाराखडीचा तक्ता लावला आणि अकरा वाजेपर्यंत दारात उभी राहिले. शेवटी खिचडी कुत्र्यांना घातली. डेअरीवर आमचं दूध घेतात, पण मी गेले की बायका गप्प होतात. राजनंदिनीला दवाखान्यातून घरी आणलंय. बघायला गेले तर ती रंगुबाईच्या पदरामागं लपली. रंगुबाई म्हणाली, "जा बाई तू. तुला बघितलं की पोर अंथरूण भिजवती. तिला वाटतंय तुज्या मागनं त्यो येतोय."

मी तिथंच पायरीवर बसले. पायरी धुतलीय त्यांनी, पण दगडात डाग राहिलाय.

रविवारी यांचा फोन आला. ते म्हणाले, "तुला एक गंमत सांगतो, हितं आमच्या एकाच्या फोनवर आपला गोठा आला." तिकडच्या कुठल्याशा डोंगरातल्या गावात बिबट्या शिरल्याची बातमी, आणि फोटो आपल्या भिंतीचा. आत्याबाईंचे पंजे यांनी लगेच ओळखले. त्यांना इथलं काहीच सांगितलेलं नाही मी. एवढ्या थंडीत पहाऱ्याला उभं राहणाऱ्या माणसाला काय सांगायचं? मीही हसल्यासारखं केलं.

पण वनपालानं ती साइट उघडून बघितली. फोटोखाली तू इंग्रजीत लिहिलंयस की हा उत्तर भारतातल्या जंगलाकाठच्या गावातला आहे. तो मला विचारत होता, "भिंत तुमची, लिहिलंय उत्तरेतलं. कोण खोटं बोलतंय, बाई?" असं का लिहिलंस?

डिस्क मिळाली का? दुरुस्तीवाल्याचं नाव-पत्ता दे. मी स्वतः सांगलीला जाते आणि त्याच्या दारात बसते.

शिवा

ता. क. आत्याबाई आज सकाळी पुन्हा बांडीचा, तू आली होतीस तेव्हा बिबट्यानं नेलेल्या शेळीचा, विषय काढून बसल्या. "त्या दिशी तू कडी लावली असतीस तर शेळी ग्येली नसती आन् त्याला वस्तीची वाट घावली नसती." दोन वर्षं ऐकतेय हे. खरंच माझ्यामुळं झालं असेल का गं हे सगळं?

*

तासगाव
२९ जानेवारी २०२५

प्रिय शिवा,

थोडक्यात लिहिते, उद्या मिरजेला लग्न आहे.

उत्तरेचं मीच लिहिलं, कबूल. घेणारे लोक तसंच शोधतात. शिराळ्याचा उत्तर भाग असं लिहिलं तर जगात कोण घेणार? 'उत्तर', 'जंगल', 'गाव', 'बिबट्या' असे शब्द टाकले की फोटो वर येतो. आम्ही सगळेच तसं करतो. खोटं म्हणून नाही लिहिलं, खपावं म्हणून लिहिलं.

फोटो आता साइटवरून काढून टाकलाय. पण ज्यांनी आधी घेतलाय त्यांच्याकडून परत मागता येत नाही.

डिस्कवाला म्हणतो, आशा कमी आहे. तू सांगलीला येऊ नकोस, उगाच हेलपाटा होईल.

आणि कडीचं मनाला लावून घेऊ नकोस. जनावर आहे ते, कडी असली काय आणि नसली काय.

नूरीन

*

जांभळीची वस्ती
१० फेब्रुवारी २०२५

नूरीन,

तुझं पत्र आलं. आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्या उठून गेल्या.

आमच्या गोठ्यामागं पिंजरा लावलाय. पिंजऱ्याच्या मागच्या कप्प्यात एक शेळी बांधलीय, मध्ये जाळी. ती दिवसभर ओरडते. मी वनपालाला म्हणाले, तिला जरा पाला तरी टाकू दे, गप बसेल. तो म्हणाला, "गप बसली तर काय उपेग? आवाजाबिगर जनावर येत न्हाई." आत्याबाई कानात कापूस घालून बसतात. मला मात्र ऐकावंसं वाटतं. बांडी अशीच ओरडली असेल, आणि आपल्यापैकी कुणी ऐकलं नाही.

माझं मी ठरवलंय. येत्या रविवारी, सोळा तारखेला, भैरोबाच्या देवळात सगळा गाव जमणार आहे. तिथं मी बेल-भंडारा उचलणार. तुमच्यात कसं असतं माहीत नाही, पण आमच्याकडे देवापुढचा बेल आणि भंडारा हातात घेऊन बोललेलं शेवटचं असतं. त्यावर कोर्टही नाही. खोटं उचललं तर घराला लागतं म्हणतात, म्हणून सहसा कुणी उचलत नाही.

कागदाचा पुरावा नाही, तर देवाचा देते. दोन गोष्टी सांगणार. एक, आमच्या वस्तीवर कुणीही कधीही बिबट्याला आमिष दाखवलेलं नाही. दुसरी, त्या दिवशी मी तालुक्याच्या मीटिंगला जायच्या घाईत गोठ्याची कडी लावायची विसरले, त्यामुळं शेळी बाहेर पडली, त्यामुळं त्याला वाट कळली. चूक माझी. एवढं कबूल केलं की मग लोकांनी मला काय करायचं ते करावं. राजनंदिनीच्या मानेवरचे टाके मी रोज डोळ्यापुढं मोजते. कुणाच्या तरी नावावर ते लागायला हवेत, नाहीतर त्या पोरीला काय सांगायचं?

कार्डाचं आता राहू दे. तुलाही माझ्यामुळं ताप.

शिवा

*

तासगाव
१७ फेब्रुवारी २०२५

शिवा,

तुझं पत्र आज दुपारी हाती पडलं. आज सतरा. म्हणजे काल तू भंडारा उचललास.

फोन लावला, बंद. मग आहे तशी उठले आणि एसटीत बसले. शिराळ्याच्या स्टँडवर उतरले. तुमच्याकडची गाडी लागलेली होती, कंडक्टर ओरडत होता. स्टँडच्या भिंतीवर 'बिबट्यापासून सावध राहा' असा कागद चिकटवलाय, त्यावरही माझाच फोटो, तुमचीच भिंत. मी त्या कागदापुढं उभी राहिले आणि गाडी निघून गेली. पुढची गाडीही गेली. मग तासगावकडं जाणारी आली, तिच्यात बसले. अशी आहे मी.

आता ऐक. डिस्क बिघडलेली नाही. ती कधीच बिघडली नव्हती. कार्ड माझ्या दागिन्यांच्या डबीत आहे, म्हणजे होतं. या पाकिटात कापसात गुंडाळून ठेवलंय.

अकरा डिसेंबर २०२२. तुमच्याकडं येऊन मला चार दिवस झाले होते. मी बिबट्याचा एक केसही बघितला नव्हता. दुसऱ्या दिवशी परत जायचं होतं. सिकंदरला मोठ्या तोंडानं सांगून आले होते की असा फोटो आणते की स्टुडिओवर नवा पत्रा चढेल. तू तालुक्याला गेलेली, आत्याबाई पेंड टाकून खाली ओढ्याकडं गेलेल्या. मी कडी काढली. बांडीला बाहेर आणलं आणि भिंतीपलीकडं खुंटीला बांधलं. ती गप उभी राहिली, पाला खायला लागली. म्हणून मी तिचं करडू आत कोंडलं. मग ती ओरडायला लागली.

दिवेलागणीला तो भिंतीवर आला. एकूण सतरा फोटो आहेत. पहिल्या चारांत बांडी दिसते, दाव्याला ताणलेली, तोंड गोठ्याकडं. पाचव्यात ती दिसत नाही. लोकांनी बघितला तो नववा.

तू आलीस तेव्हा मी दावं सोडून टाकलं होतं. आत्याबाई तुला म्हणाल्या, कडी तू लावली नाहीस. तू म्हणालीस, असेल बाई, घाईत होते. मी तिथंच चहा पीत बसले होते. तोंड उघडायला तीच वेळ होती. उघडलं नाही. पुढच्या पत्रात सांगू म्हटलं, तर माझं पत्र आत्याबाईंपुढं मोठ्यानं वाचलं जाणार. मग तू यावर्षी कार्ड मागितलंस, तेव्हा वाटलं, वनखात्याला कळलं तर मला सोडणार नाहीत, सिकंदरचा धंदाही जाईल. या दोन भीतींच्या मधे मी तुला उभं केलं.

तू पिंजऱ्यातल्या शेळीचं लिहिलंस. त्या वाक्यापुढं मला वाचताच येईना. तो वनपाल जे सरकारी कागद घेऊन करतो तेच मी फोटोसाठी केलं, आणि माझ्याकडं पिंजराही नव्हता. राजनंदिनीला धरलं तो तोच होता की दुसरा, अल्लाला ठाऊक. पण वस्तीवर शेळी मिळते हे मी शिकवलं कुणाला तरी.

तू खरं समजून खोटा भंडारा उचललास. ते लागायचं असेल तर मला लागो, असं मी रोज पाच वेळा मागेन. पण तुमच्या देवाचा हिशेब माझ्याकडून कसा चुकता होणार ते मला कळत नाही.

हे पत्र चोरून वाचू नकोस. आत्याबाईंपुढं मोठ्यानं वाच. एवढी शिक्षा तरी मला मिळू दे.

नूरीन

*

जांभळीची वस्ती
२४ फेब्रुवारी २०२५

नूरीन,

मोठ्यानं वाचलं.

आधी सोळा तारखेचं सांगते, ते तुला ठाऊक नाही. मी भंडारा उचलला. म्हणायचं ते म्हणाले. रंगुबाई सगळ्यांत पुढं बसली होती. ती म्हणाली, "मंजे एक कडी लावली असतीस तर माजी पोर बोलती ऱ्हायली असती." मी हो म्हणाले. वनपालानं ते लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली. सरपंच म्हणाले, पोरं सांभाळायला कडी न विसरणारं माणूस लागतं. मी तिथंच अंगणवाडीचा राजीनामा लिहून दिला. तो त्यांच्याकडं आहे. दोन मार्चच्या सभेत मंजूर करून तालुक्याला धाडणार. घरी आल्यावर अंगावरचा भंडारा धुतला, पण नखातला निघाला नाही.

मग परवा तुझं पत्र आलं. आत्याबाई सुपात शेंगा घेऊन बसल्या होत्या. मी वाचत गेले. कडी काढली, तिथं आले आणि थांबले. त्या म्हणाल्या, "वाच." करडू आत कोंडलं, तिथं पुन्हा थांबले. पुन्हा म्हणाल्या, "वाच की." शेवटपर्यंत वाचलं. वाटलं, आता या शिव्याशाप देतील, छाती पिटतील. त्यांनी शेंगा निवडायच्या थांबवल्या नाहीत.

म्हणाल्या, "मला ठावं व्हतं."

त्याच बोलत राहिल्या. "पेंड घालून कडी मीच लावली व्हती. ह्या हातानं. तू ग्यालीस तवाबी लावूनच ग्याली व्हतीस. वड्याकडनं आले तर खुंटीला दाव्याचं घासल्यालं ताजं व्हतं. घरात दुसरं व्हतं कोन? पर पावण्या बाईवर आळ कसा घ्याचा? आपल्या दारात जेवल्याली, वर दुसऱ्या जातीची. गावानं तिलाबी सोडलं नसतं आन् तुज्या मैतरणीचं त्वांड तुला बघाय मिळालं नसतं. सुनंला बोललं की घरातलं घरात ऱ्हातं. म्हनून तुला बोलले. सुनंनं आईकून घ्याचंच असतं. तू द्येवाम्होरं जाऊन तसंच बोलशीला, हे मला काय ठावं?"

दोन वर्षं, नूरीन. रोज संध्याकाळी कडी लावताना मी दोनदा हलवून बघत होते. तीनदा. झोपेतून उठून जात होते. एका बाईला माहीत होतं की मी विसरले नव्हते, आणि दुसरीलाही. दोघींनी मला घरचं समजून गप्प बसवलं. मी त्यांच्यावर ओरडले. लग्न होऊन आल्यापासून कधी ओरडले नव्हते. म्हणाले, "आवं, देवळात माझ्या शेजारीच बसला होता की तुमी. मी भंडारा हातात घेतला तवा तरी माझा हात धरायचा व्हता." तेव्हा त्यांच्या हातातलं सूप खाली पडलं. "धरणार व्हते," एवढंच म्हणाल्या. मग त्या अंगणात शेंगा वेचत बसल्या, अंधार पडेपर्यंत, आणि मी उठवायला गेले नाही.

माफीचं विचारू नकोस. मला आता तुझी चीड येते, पत्र हातात घेतलं की हात तापतो, आणि तरी मी ते चार वेळा वाचलंय. तुझी आठवण येत नाही असंही नाही.

काल पिंजऱ्यात मादी सापडली. दुधाची होती. गाडीत घालून नेली. तिची पिल्लं कुठल्या उसात असतील ते कुणी बघितलेलं नाही. तोड अजून चालू आहे.

आता दोन मार्चचं. सकाळी दहाला भैरोबाच्या देवळातच सभा आहे. तुझं कार्ड मी अजून वनपालाला दिलेलं नाही. दिलं तर तुझ्यावर गुन्हा होईल. नाही दिलं तर तो राजीनामा जाईल, आणि राजनंदिनी आयुष्यभर असं समजेल की शिवाबाईनं कडी लावली नाही म्हणून आपल्याला बिबट्यानं धरलं. ती मला घाबरते हे मी सोसू शकत नाही. बाकी सगळं सोशीन. कार्ड पिठाच्या डब्यात फोनशेजारी ठेवलंय. ते तू आपल्या हातानं द्यायचंस.

आत्याबाई म्हणतायत, "पावणीला बोलवू नगं. दारात आलेल्या पावणीला गावाम्होरं उभं करायची आपल्यात रीत न्हाई." हे पत्रही त्यांच्यापुढं वाचून दाखवलंय, हे वाक्य धरून. त्या सभेत बोलणार आहेत, कडी आपण लावली होती हे सांगणार आहेत. पण त्यांचं एकटीचं कुणी खरं मानणार नाही. सुनेला वाचवायला सासू बोलते म्हणतील.

शिराळ्याहून आमच्याकडची पहिली गाडी साडेआठला सुटते. या वेळी ती सोडू नकोस. हरभऱ्याचं गाठुडं सोडून टाकलंय, चहा ठेवणार नाही, पाय धुवायला तांब्या मिळणार नाही. पाहुणीवर या घरात आळ घेत नाहीत, म्हणून पाहुणी होऊन येऊ नकोस. घरचं माणूस होऊन ये. घरच्या माणसाला आम्ही बोलतो.

शिवा